तेवीस खुर्च्या

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुन्हा एक ब्रॅकेट तुटून आलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर गाठ मारून. व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक सांगाड्याच्या नळीला ज्या लोखंडी तुकड्याने धरलेलं असतं, तो हा तुकडा. मुठीत मावेल एवढा. पण तो नळीपासून सुटला की चाक निखळतं आणि बसलेला माणूस तोंडावर जातो. या वेळी एका शाळेतल्या गणिताच्या बाई गेल्या. रस्ता ओलांडताना. मनगट मोडलं. मागून येणाऱ्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून मनगटावर निभावलं.

वर्षभरातली ही चौथी तक्रार. मॅडमनी बोलावलं. सासऱ्यांच्या मागे कारखाना त्याच बघतात. म्हणाल्या, "तुम्ही एवढी वर्षं तपासणीला आहात. कारण शोधा. आणि लवकर शोधा, हॉस्पिटलची ऑर्डर सहीपर्यंत आली आहे." रोजची नोंद ठेवा असंही म्हणाल्या. ती ऑफिसच्या वहीत ठेवीन. ही वही माझी.

घरी दादा नेहमीसारखा खिडकीशी. त्याची खुर्ची आमच्याच कारखान्यातली, मीच आणलेली. चार वर्षं झाली, एक कुरकुर नाही. ब्रॅकेटचं सांगितलं तर म्हणाला, "उभ्या गाडीचा टायर कधी पंक्चर होतो का रे?" पंचवीस वर्षं ट्रक चालवला त्याने. अपघातात कमरेखालचं सगळं गेलं, तोंड तेवढं शाबूत राहिलं. हसलो. त्याला अजून विनोद सुचतात, हे बरं आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तुटलेला भाग भिंगाखाली धरून बसलो. मान आखडली. नळीच्या तुटलेल्या कडेवर दोन रंग आहेत. एक भाग काळपट, गुळगुळीत, त्यावर शिंपल्यासारख्या बारीक रेषा. दुसरा चकचकीत, खरखरीत. चकचकीत भाग त्या दिवशीचा. काळपट भाग जुना, आत गंजलेला. म्हणजे भेग कित्येक महिने थोडी थोडी सरकत होती, वरच्या रंगाखाली दिसत नव्हती. आणि भेगेची सुरुवात वेल्डिंगचा जोड जिथे संपतो त्या टोकापासून झालेली.

जोड संपतो तिथे म्हटलं की बोट वेल्डरकडे जातं. आमचा वेल्डर मौनी. खरं नाव हजेरीच्या कागदावरच असतं. दिवसाला दहा शब्द बोलला तर जास्त.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. दुपारपर्यंत झोपलो. उठलो तर दादा म्हणाला, "हवा काय छान पडली आहे." मी म्हटलं, "हो ना." अंग नुसतं ठणकत होतं. दारापुढच्या तीन पायऱ्या, त्यांवरून त्याला उतरवायचं म्हणजे दोन माणसं लागतात, मग परत चढवायचं. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "राहू दे, पड तू. तुझे डोळे बघ कसे झालेत." दादा समजूतदार आहे. दुसरा कोणी असता तर जीव खाल्ला असता.

ही नंतर स्वयंपाकघरातून म्हणाली, "भावजी सकाळपासून बूट घालून बसले होते." पायांना गारठा लागत असेल. तसं त्याला पायांचं काही कळत नाही, पण सवय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नळीचे तुकडे कापून वाकवून पाहिले. पोलादात खोट नाही. वेल्डिंगच्या तारेत नाही. मग मौनीला बोलावून ब्रॅकेट पुढे ठेवलं. "हे तुझ्या हातचं आहे." त्याने उचललं, अंगठ्याने जोड चाचपला, म्हणाला, "हो."

"घाई करतोस का शेवटी?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, ब्रॅकेट खाली ठेवलं आणि निघून गेला. दुपारी त्याचं मशीन बंद. अर्धी रजा टाकून घरी गेला म्हणे. सोळा वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं. आणि लगेच लाजही वाटली, कारण त्याच्या हातच्या दहा नव्या खुर्च्यांवर आज लाल रंग लावून तपासणी केली होती. हा रंग भेगेत शिरतो. वरचा पुसून पांढरी पूड मारली की भेग असेल तिथे लाल रेघ उमटते. दहापैकी एकावरही रेघ नाही. जोड कोरे, स्वच्छ.

मग तुटतात का?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

थकलो. मॅडमनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा नुसत्या दारात उभ्या राहिल्या. त्यांचंही बरोबर आहे, चाळीस घरं या कारखान्यावर आहेत.

शेवटी लिहून दिलं. खुर्ची सपाट जमिनीसाठी आहे. शंभर किलोच्या गोण्या ठेवून चोवीस तास उभी केली तर जोडाला काही होत नाही. बाईंची खुर्ची फुटपाथच्या कडांवरून चढवली-उतरवली जात होती, त्यामुळे हा गैरवापर. पुरावा म्हणून आमच्या घरच्या खुर्चीचं उदाहरण दिलं, चार वर्षं नित्य वापर, जोड शाबूत. मॅडमनी वाचलं. "घरचंच उदाहरण. चांगलं केलंत." पत्र आजच बाईंना गेलं.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. जेवताना ही दोनदा म्हणाली, "कुठे लक्ष आहे?"

३ मार्च, सोमवार

गणिताच्या बाई कारखान्यात आल्या. उसन्या खुर्चीत, बहीण मागून ढकलत होती. उजवा हात प्लॅस्टरमध्ये. वय पन्नाशीचं, केस घट्ट बांधलेले. फाटकाशी उंबरठा आहे, तिथे खुर्ची अडली. चार माणसं धावली. बाई म्हणाल्या, "उचलू नका. बघू द्या यांना." मी तसाच उभा. बहिणीने खुर्ची मागे झुकवली, पुढची चाकं वर घेतली, उंबरठ्यापलीकडे धाडकन टाकली. तो आवाज मी ऐकला. त्या आवाजाची जागा मला ठाऊक होती.

बाईंनी पर्समधून माझं पत्र काढलं. लाल शाईने खुणा केलेलं. "तुम्ही लिहिलंत का हे?"

"हो."

"अक्षर चांगलं आहे. पण गृहीतच चुकलं आहे. सपाट जमीन म्हणता. माझ्या घरापासून शाळेपर्यंत सपाट जमीन कुठे आहे, तेवढी दाखवा. मी तिथूनच जाईन."

मॅडम खोलीतून बाहेर आल्या, चहाचं विचारलं. बाई म्हणाल्या, "चहा नको. तुमच्या तपासनिसांना एक दिवस माझ्याबरोबर चालायला पाठवा."

५ मार्च, बुधवार

गेलो. सकाळी सात वाजता त्यांच्या दाराशी. हातात कागद, प्रत्येक धक्क्याला एक काडी. दाराचा उंबरठा. गल्लीतलं गटाराचं झाकण. फुटपाथ चढ, फुटपाथ उतर. दुधाच्या दुकानासमोर फरशी उचकटलेली आहे, तिथे तीन. बसचा थांबा, बँकेचा कोपरा. जाताना एकतीस. येताना तेहतीस, कारण परतीला रस्त्याची दुसरी बाजू. आठवड्याचे पाच-सहा दिवस, तीन वर्षं.

वाटेत बाईंना ओळखत नाही असा माणूस नव्हता. भाजीवाली, बसचा कंडक्टर, बँकेचा रखवालदार. कोणी "हात कसा आहे?" विचारत होतं, कोणी नुसतीच मान हलवत होतं. एका ठिकाणी त्या मुद्दाम थांबल्या, एका म्हाताऱ्याशी बुद्धिबळाची एक खेळी खेळल्या आणि पुढे निघाल्या. "दोन महिन्यांपासून डाव चालू आहे," म्हणाल्या. "तो हरणार आहे, पण त्याला अजून माहीत नाही."

बहीण मला हळूच म्हणाली, "खुर्ची मोडली त्याचं तिला काही नाही. घरात बसून पंधरा दिवस काढले, ते तिला झेपलं नाही."

पाय दुखतायत. पण खूप दिवसांनी पाय दुखण्याचं कारण माहीत आहे.

८ मार्च, शनिवार

तीन दिवस जुन्या विक्रीच्या नोंदी काढून गिऱ्हाइकांकडे हिंडतोय. तेवीस खुर्च्या पाहून झाल्या. नऊ ठिकाणी ब्रॅकेट तुटलेलं किंवा लाल रेघ उमटलेली. चौदा ठिकाणी काही नाही. सगळ्यांना एकच प्रश्न, दिवसाला चाक किती वेळा आदळतं?

चित्र इतकं उघड आहे की आधी दिसलं कसं नाही, याचं नवल वाटतं. घड्याळं दुरुस्त करणारा एक जण रोज दुकानात जातो, त्याची तुटली. एक आजीबाई रोज तळ्याकाठी जातात, त्यांची तुटली. ज्यांच्या शाबूत आहेत त्यांच्याकडे गेलं की दार उघडणारा माणूस आत बोट दाखवतो. आत खिडकी असते नाहीतर टीव्ही असतो, आणि त्यासमोर खुर्ची.

रात्रीच्या जेवणाआधी तक्ता पक्का करायला बसलो. तेविसावी आमची. दादाला विचारलं, "तुझे रोजचे धक्के किती?" त्याने वर्तमानपत्र खाली केलं. "मोरीच्या कडेचा धरायचा का?" म्हटलं, ती तर मीच घासून सपाट केली आहे. "मग लिही की शून्य," म्हणाला आणि पुन्हा वर्तमानपत्र वर. शून्य लिहिलं. ही बाजूला भाजी निवडत होती. ती उठून आत गेली. भाजी तशीच राहिली.

तक्ता झकास झाला आहे. मॅडमना सोमवारी दाखवतो.

१० मार्च, सोमवार

मॅडमनी तक्ता वाचला. मी सांगितलं, आपण गोण्या ठेवून खुर्ची उभी करतो, तिला चालवत नाही. नुसत्या वजनाने काही होत नाही. रोजच्या धक्क्याने नळी केसाएवढी वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. आणि जिथे सगळ्यात जास्त वाकते, नेमका तिथेच आपला जोड संपतो.

त्यांनी शाबूत खुर्च्यांच्या नोंदींवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे जे बाहेर पडतात त्यांच्याच मोडतात."

"हो."

"हॉस्पिटलला काय सांगू?"

मी म्हटलं, "पंधरा दिवस थांबा म्हणून सांगा. आणि आधी बाईंचं पत्र मागे घेऊ द्या मला." त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पत्रावर तुमची सही होती, पण घाई माझी होती. मीच लिहिते."

१३ मार्च, गुरुवार

मोठा पिंप आडवा बसवून, त्याला लाकडी पट्टी ठोकून, मोटर लावली. त्यावर खुर्ची, खुर्चीत गोण्या. पिंप फिरला की पट्टी चाकाखाली येते आणि धक्का बसतो. मिनिटाला तीस. दिवसभर धाड धाड. सगळा कारखाना माझ्या नावाने बोटं मोडतोय. आज, तिसऱ्या दिवशी दुपारी, अडतीस हजारांच्या आसपास चाक निखळून खाली लोळलं. काळपट-चकचकीत तीच खूण, तीच जागा.

मौनीला दाखवायला गेलो. माफी मागायची होती, पण शब्द जुळेनात. तुकडा पुढे केला. म्हटलं, "जोड पुढच्या टोकाला संपवण्याऐवजी नळीच्या बगलेला वळवून संपवला तर?"

तो म्हणाला, "साच्यात नळी अडकवली की तिथे हात पोचत नाही. साचा बदलायला पाहिजे. मी सांगितलं होतं."

"कधी? कुणाला?"

"पाच वर्षांपूर्वी. तुम्हालाच."

आठवत नाही. खरंच आठवत नाही. पण तो खोटं बोलण्याइतकं बोलतच नाही. "मग परत का नाही सांगितलंस?"

"एकदा सांगितलं होतं की."

२२ मार्च, शनिवार

दुसरं जुनं ब्रॅकेट चव्वेचाळीस हजारांवर गेलं. शाळेच्या सुट्ट्या वजा केल्या तर बाईंच्या तीन वर्षांच्या येण्याजाण्याचा हिशेब साधारण तेवढाच येतो. आता नवं लावलं आहे. मौनीने साचा कापून हात जायला वाट केली, जोड बगलेला वळवला, नळीभोवती एक पट्टी जास्त चढवली. आज रात्रपाळी नाही, म्हणून पिंप थांबवून घरी आलो. कानात धाड धाड चालूच आहे. ही म्हणते, झोपेत बोटं आपटता.

५ एप्रिल, शनिवार

नवं ब्रॅकेट दोन लाखांच्या वर गेलं. पांढऱ्या पुडीवर लाल रेघ नाही. कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. मौनीने पिंप बंद केला आणि शांतता इतकी झाली की सगळे एकमेकांकडे बघू लागले.

बाईंना नवी खुर्ची पोचवली. त्यांनी उलटी करून जोड पाहिला. मी जे जे केलं ते क्रमाने सांगितलं. म्हणाल्या, "उत्तर बरोबर आलं. पण पायऱ्या उशिरा लिहिल्यात." चुकल्याचे गुण कापणार असाल, म्हटलं, तर कापा. म्हणाल्या, "मनगट दोन अंश वाकडंच राहणार आहे. तेवढे कापलेच."

विकलेल्या सगळ्या खुर्च्यांची ब्रॅकेटं बदलून द्यायची ठरली. आधी कोणाची, याची यादी घरी आणली. ज्याचे धक्के जास्त तो वर. यादी टेबलावर ठेवून हातपाय धुवायला गेलो. आलो तर दादाच्या हातात.

शेवटचं पान उघडं होतं. त्याचं नाव सगळ्यात खाली. पुढे माझ्या अक्षरात, धक्के शून्य, धोका नाही.

मी म्हटलं, "अरे, तो नुसता क्रम आहे. तुझी उद्याच बदलतो, घरचंच काम."

"कशाला? बरोबर आहे यादी." चष्मा काढून त्याने शर्टाला पुसला. बराच वेळ पुसला. "एक ब्रॅकेट किती धक्के काढतं म्हणालास?"

"चाळीस हजार. जुनं."

"मग माझे चाळीसच्या चाळीस हजार शिल्लक आहेत. चार वर्षांत एकही खर्च केला नाही मी."

विनोद होता बहुतेक. मी हसायला गेलो आणि जमलं नाही. ही दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, दादाच्या पायांकडे बघत होती. त्याने बूट घातले होते. लेस नीट बांधलेल्या.

गैरवापर म्हणून पत्र लिहिलं, त्यात याची खुर्ची पुरावा म्हणून दिली मी. नित्य वापर, असं लिहिलं.

याच्यापुढे आज लिहवत नाही.

१३ एप्रिल, रविवार

मौनी सकाळी येऊन उभा. मी फक्त पायऱ्यांची मापं विचारली होती, कसं करता येईल म्हणून. त्याने जाळीदार पत्र्याचा उतार तयारच करून आणला होता, खाली मजबूत पाय. दोघांनी मिळून बसवला. दादा खिडकीतून सूचना देत होता, "डावीकडे घे, डावीकडे! अरे, ट्रक लावतोयस का बैल?" मौनी हसला. दात दिसले त्याचे. मी त्याचे दात पहिल्यांदा पाहिले.

दादा उतारावरून उतरला तेव्हा मी मागून धरलं होतं. खाली आल्यावर म्हणाला, "सोड." फाटकापर्यंत गेला आणि परत आला. घामाघूम. हात थरथरत होते. चार वर्षांत हातातली ताकद गेली आहे, हेही मला आज कळलं. आत आल्यावर तो दोन तास झोपला, आणि मीही.

२० एप्रिल, रविवार

आठवडाभर तो रोज थोडं पुढे जात होता, हिच्याबरोबर. आज जेवण झाल्यावर म्हणाला, "एकटा जातो." म्हटलं, येतो मी. "तू पड."

पडलो. डोळा लागला. उठलो तर चार वाजलेले आणि खुर्चीची जागा रिकामी. तीन तास. ही म्हणाली, येतील. मी चपला शोधल्या नाहीत, तसाच निघालो. फाटक, गल्ली, कोपरा. फुटपाथच्या प्रत्येक कडेशी वाकून बघत होतो, काय शोधत होतो देव जाणे. नवं ब्रॅकेट त्याने अजून लावू दिलेलं नाही. चौकात कोणी पडलेलं नव्हतं. पानवाल्याला विचारलं. म्हणाला, "व्हीलचेअरवाले ना? मघाशीच गेले. वाद घालत होते माझ्याशी, दुकानाची पायरी उंच आहे म्हणून."

शेवटी केशकर्तनालयाच्या काचेतून दिसला. आत बाकावर माणसं, बाकाच्या टोकाला त्याची खुर्ची, मांडीवर कुठलंतरी जुनं मासिक. त्याचे केस गेली चार वर्षं मीच कापतो, घरी, मोरीत, पाठीवर टॉवेल टाकून.

मी धापा टाकत आत शिरलो. "अरे, किती वेळ झाला! इथे काय करतोयस?"

"दिसत नाही? नंबर लावलाय."

न्हावी आरशातून म्हणाला, "मी म्हटलं त्यांना, तुम्ही आधी बसा. ऐकत नाहीत."

"आधी का म्हणून?" दादा म्हणाला. "माझ्या आधी चार जण आलेत. रांग म्हणजे रांग." बाजूचा माणूस हसून सरकला, मला जागा करायला. दादाने हाताने अडवलं. "तो नाही बसायचा. तो घरी चाललाय." मग माझ्या पायांकडे पाहिलं. "अनवाणी आलास होय रे?"

मी म्हटलं, "थांबतो ना मी. वेळ आहे मला."

"मलाही आहे," म्हणाला. "जा. चहा टाकायला सांग बायकोला, पण माझा आत्ता नको."

आलो. तळव्याला काच लागली आहे बारीकशी, काढून झाली. साडेपाच वाजलेत. ही दोनदा बाहेर जाऊन आली, मग म्हणाली, "आपला घेऊया का?" दोघांनी चहा घेतला. दादा अजून आलेला नाही.